परळच्या बाळंतिणी आणि मार्माइटची बरणी

परळचा आचार्य दोंदे मार्ग तुमच्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा असेल. कुणी केईएममध्ये पेशंटचा डबा घेऊन धावलं असेल, कुणी वाडियात जन्मलं असेल, कुणी सापाच्या विषाचं काम बघायला शाळेच्या सहलीतून हाफकिनमध्ये गेलं असेल. टाटा हॉस्पिटलही तिथून हाकेच्या अंतरावर. एवढ्याशा टापूत इतकी दुखणी आणि इतका इतिहास मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आज जगभर गरोदर बाईच्या हातावर जी एक छोटीशी गोळी ठेवली जाते, ती फोलिक ॲसिडची, तिची गोष्ट याच परळमधून सुरू झाली. आमच्या पिढीतल्या किती जणांना हे माहीत आहे? परळ-लालबागमध्ये वाढून मलाही हे कुणी शाळेत सांगितलं नाही. १० मे २०१९ ला गुगलच्या पानावर एका बाईचं चित्र झळकलं, शेजारी पावाचे टोस्ट आणि चहा. नाव ल्युसी विल्स. मुंबईचा उल्लेख वाचला आणि मी तिच्या मागेच लागले.

ल्युसी विल्सचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होती, तिथे तिने नर्सचं काम केलं. परत येऊन लंडनला बायकांसाठीच्या मेडिकल कॉलेजात शिकली आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाली. पण दवाखाना थाटण्यापेक्षा तिचा जीव प्रयोगशाळेत रमला. लग्न केलं नाही. सायकलवरून कामाला जायची, बर्फात स्कीइंग करायची. १९२८ मध्ये ती मुंबईत आली.

१९२८ ची मुंबई म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणू या. त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या गिरण्यांत बायकाही होत्या, पाचांतली जवळजवळ एक. बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. सकाळी घरचं उरकून गिरणीत, संध्याकाळी परत येऊन चूल. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. १९२१ साली एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बाळं वर्षाच्या आत दगावल्याचा आकडा आहे. यात एक मेख आहे. बऱ्याच बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे व्हायची आणि मूल दगावायचं मुंबईत, त्यामुळे आकडा फुगायचा. तरीही तो अर्धा खरा धरला तरी पोटात गोळा येतो.

आणि खायचं काय? सरकारच्या मजूर खात्याने १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. १९२३ मध्ये अहवाल आला. त्यात निघालं की तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं धान्य मिळायला हवं असं लिहिलं होतं, तेवढंही कामगाराच्या वाट्याला येत नव्हतं. मी हे वाक्य दोनदा वाचलं. कमावत्या पुरुषाचीही हीच गत, मग सगळ्यांचं जेवून झाल्यावर भांड्यात उरेल ते खाणाऱ्या बाईची काय असेल? ती गरोदर असली तर?

या बायकांबद्दल बोलणारं कुणी नव्हतं असं मात्र नाही. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची सुट्टी आणि त्या काळात भत्ता मिळावा म्हणून आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. जुलै १९२८ मध्ये त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिलाच. बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, दिवसाला आठ आणे. (आज ऐकायला किरकोळ वाटतं, पण २०१७ साली २६ आठवडे झाले त्या वाटेवरचं पहिलं पाऊल हेच.) सात आठवडे विश्रांती मिळाली, पण ताटात काय पडणार हे काही कायद्यात लिहिता येत नाही.

तो ताटाचा शोध घ्यायला ल्युसी विल्स आली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर नावाच्या ज्येष्ठ डॉक्टरबाई इथे अनेक वर्षं काम करत होत्या. मुंबईतल्या गरोदर बायकांना एक भयंकर ॲनिमिया होतो, त्यात त्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंत होताच जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनीच विल्सबाईंना बोलावलं. हाफकिनमध्ये मातामृत्यूंच्या चौकशीचं काम चालू होतं, त्यात त्या दाखल झाल्या.

हा ॲनिमिया नेहमीचा नव्हता. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक आणि फिक्या होतात. इथे उलटं, पेशी कमी पण आकाराने मोठ्या. असंच रक्त दिसणारा एक जीवघेणा आजार युरोप-अमेरिकेत होता, पर्निशस ॲनिमिया. त्यावर भरपूर लिव्हर खायला घालणं हा उपाय अमेरिकेत १९२६ मध्ये नुकताच सापडला होता आणि पुढे १९३४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण तो आजार मुख्यतः उतारवयातला. परळच्या पंचविशीतल्या बायकांना का व्हावा?

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला, तो टिकला नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ घरोघरच्या जेवणाची चौकशी केली. सोबत डॉ. मेहता आणि डॉ. तळपदे होते. मुंबईतल्या बायकांचं खाणं आणि राहणी यावरचा विल्स-तळपदे यांचा लेख १९३० चा आहे. (तळपदे हे आडनाव वाचून मला उगाचच आपल्या माणसाला भेटल्यासारखं वाटलं.) वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात आणि कुणाला हा आजार जास्त होतो, हे ताडून बघितलं. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा निघाला आणि आजारही त्यांनाच सर्वांत जास्त. पालेभाजी, फळ, दूध, मांस यांतलं फारसं काही नाही.

मग प्रयोग. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पांढऱ्या उंदरांना याच बायकांसारखं जेवण दिलं. गाभण उंदरिणी ॲनिमियाने मरायला लागल्या. त्यात यीस्ट मिसळलं तर होईना. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे होणारा एक आजार मध्ये कडमडला आणि निष्कर्षावर शंका आली. म्हणून पुढे हाच प्रयोग डॉ. बिलिमोरिया यांच्यासोबत माकडांवर केला. एवढी चिकाटी वाचताना दमायला होतं, करणारीचं काय झालं असेल!

यीस्ट कुठून आणायचं? इंग्लंडमध्ये १९०२ पासून मार्माइट नावाचा पदार्थ मिळत होता. बिअर केल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क. काळपट, चिकट, खारट, पावाला लावायचा. ज्यांनी चाखलाय त्यांच्यात दोन तट असतात, आवडणारे आणि तोंड वाकडं करणारे. मी दुसऱ्या तटात! पण लिव्हरपेक्षा स्वस्त आणि शाकाहारी बाईलाही चालणारा. विल्सबाईंनी तो आजारी बायकांना दिला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, ज्यांना उठवत नव्हतं त्या उठून बसल्या. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. मार्माइटमध्ये काहीतरी आहे, ते नेमकं काय हे अजून कळायचं होतं. त्या अनामिक ‘काहीतरी’ला पुढे लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

आता थोडं घरातलं. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला, कारण आमचे नातेवाईकही हा ब्लॉग वाचतात. पण त्यांच्यासाठीच लिहायला हवं.

माझी पणजी, आजीची आई, लालबागच्या चाळीत राहायची. माहेर-सासर दोन्ही राजापूरकडचं. वायंडिंग खात्यात कामाला होती. १९३२ साली तिसऱ्या खेपेला सुईणीच्या हातून खोलीतच बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी गेली. ते बाळ म्हणजे माझी आजी. पणजीचं वय तेव्हा चोविसाच्या आसपास. तिच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलं, “माती खाल्लीन आणि गेली.” शेवटच्या महिन्यांत ती पांढरीफटक पडली होती, पायावर सूज होती, चार पायऱ्या चढली की धाप लागायची. आणि चुलीची भाजकी माती, भिंतीचे पोपडे लपूनछपून खायची. सासूने पाहिलं, मारलं, तरी खायची. मग मेली तेव्हा निकाल लागून गेला.

मराठीत ‘माती खाणं’ याचा दुसरा अर्थ सांगायला नको. पणजीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र झाले. ती आपल्या जिभेच्या हट्टापायी मेली, लेकरं उघड्यावर टाकून गेली, असा तो ठपका. आजीला लहानपणी मामीकडे वाढताना खोडी काढली की ‘मातीखाऊची पोर’ ऐकायला लागायचं. आजी स्वतः चार वेळा बाळंत झाली आणि दर खेपेला घरातली म्हातारी माणसं तिच्यावर नजर ठेवून असायची. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती आणि तरी तिचा आवाज कापत होता.

खरं तर मातीचे डोहाळे ही आपल्याकडे केवढी जुनी गोष्ट! कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते आणि राजाला तिच्या तोंडाला येणाऱ्या मातीच्या वासाचं कौतुक वाटतं. राणीने खाल्ली की काव्य, गिरणीतल्या बाईने खाल्ली की अवलक्षण. आज डॉक्टर या खाण्याला पायका म्हणतात आणि शरीरात लोह कमी असलेल्यांत ती ओढ जास्त दिसते हे सर्वमान्य आहे. लोह भरून काढलं की बऱ्याचदा ओढही जाते. मातीने पोटात जंत होऊ शकतात, अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होऊ शकतो, म्हणून ती खाऊ नये हे खरंच. पण पणजीच्या बाबतीत घरच्यांनी कार्यकारणभाव उलटा लावला. ती पांढरी पडत चालली होती म्हणून माती खात होती. तिच्या रक्ताची तपासणी कुणी केली नाही. केली असती तर लोहही कमी निघालं असतं आणि विल्सबाई शोधत होत्या तेही, असं मला वाटतं, कारण अशा रिकाम्या ताटात एकच गोष्ट कमी नसते. हाफकिन तिच्या चाळीपासून चालत जाण्यासारखं होतं.

विल्स फॅक्टरचं पुढे काय झालं ते सांगते. विल्सबाई लंडनला परतल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलात काम करत राहिल्या. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की पर्निशस ॲनिमियाला लागू पडणारा शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क या ॲनिमियाला लागू पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो. म्हणजे दोन वेगळी द्रव्यं आहेत. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला काही शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य काढलं आणि पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात म्हणून त्याला नाव दिलं फोलिक ॲसिड. आपल्या भाषेत सरळ पालेभाजीतलं आम्ल! विल्स फॅक्टर तो हाच. (दुसरं द्रव्य म्हणजे बी-१२. ते १९४८ मध्ये हाती लागलं.)

फोलिक ॲसिड नसेल तर होतं काय? पेशीला दोन व्हायचं तर आतल्या डीएनएची दुसरी प्रत लागते आणि ती करायला हे द्रव्य लागतं. नसलं की पेशी फुगते पण दुभंगत नाही. कणीक मळून ठेवली, पण गोळे तोडताच येत नाहीत, अशी गत. म्हणून पेशी मोठ्या आणि मोजक्या. गरोदरपणी तर आईचं रक्तही वाढत असतं आणि पोटातला जीवही, म्हणजे मागणी दुहेरी. शिवाय पालेभाजी खूप वेळ रटरट शिजवून पाणी ओतून दिलं की हे द्रव्य बरंचसं त्याबरोबर जातं.

१९४५ मध्ये फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं ते अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या भावांचा बळी स्प्रू नावाच्या आजाराने घेतला होता. त्यातही असाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया होतो. पुढे त्यांच्याच चमूने उलटा विचार केला. फोलिक ॲसिडशिवाय पेशी वाढत नाहीत ना, मग बेसुमार वाढणाऱ्या पेशींना त्यापासून तोडलं तर? त्यातून निघालेलं औषध बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये जाहीर केलं की १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. कर्करोगावरच्या औषधोपचारांची ही एक मोठी सुरुवात. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात.

आता परळचा योगायोग बघा. विल्सबाईंचा मार्माइटचा लेख छापून आला त्याच जून १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या आठवणीतून पुढे परळमध्ये टाटा मेमोरियल निघालं, १९४१ मध्ये. म्हणजे एका गल्लीत ज्या द्रव्याने बाळंतिणी वाचू लागल्या, पलीकडच्या गल्लीत तेच द्रव्य अडवणाऱ्या औषधाने पोरं वाचतात. मला राहून राहून याचं नवल वाटतं.

गोळीची गोष्ट इथे थांबली नाही. १९९१ मध्ये सात देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्या आयांचं आधीचं मूल पाठीच्या कण्याच्या व्यंगाचं होतं त्यांना पुढच्या खेपेला आधीपासूनच फोलिक ॲसिड दिलं तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. गंमत अशी, की बाळाच्या कण्याची ही नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासूनच गोळी सुरू करायला डॉक्टर सांगतात.

आणि पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या आयांचा अभ्यास केला. त्यात ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात त्यांची बाळं अंगाने चांगली होती. ६० टक्क्यांहून जास्त बायकांत बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. म्हणजे एकाच गोळीवर भिस्त ठेवून चालत नाही, ताट पूर्ण हवं. विल्सबाई ताटापासूनच सुरुवात करत होत्या.

आपल्या सरकारने १९७० पासून गरोदर बायकांना लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. आता लाल रंगाची गोळी, रोज एक, किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच. फुकट मिळते. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया निघाला. आमच्याकडे कामाला येणारी मुलगी सहावा महिना असताना गोळ्या पिशवीतच घेऊन फिरायची. का गं, विचारलं तर म्हणाली, “ताई, मळमळतं. शौचाला काळी होते. आणि सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर करतात.” तिला समजावलं, की काळी होते ते लोहामुळे, घाबरायचं नाही. चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे, मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घे, आणि तरी त्रास झाला तर डॉक्टरांना सांग पण मनाने बंद करू नको. मग हळूच विचारलं, घरी तू जेवतेस कधी? म्हणाली, “सगळ्यांचं झाल्यावर.”

ल्युसी विल्स १९६४ मध्ये गेल्या. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता माझ्या पाहण्यात नाही, पण तो नसला तरी चालेल. ज्या बायकांनी बोट टोचून रक्त दिलं, काय शिजतं ते खरंखरं सांगितलं, तो काळा खारट लेप निमूटपणे गिळला, त्यांची तर नावंही कुठे नाहीत. जगातल्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात ती त्यांच्या रक्तावर तपासून पुढे गेली आहे.

आमच्या नातेवाईकांना एवढंच सांगणं आहे. घरात कुणी गरोदर असेल तर पहिलं ताट तिचं वाढा, त्यात माठ, मेथी, चवळी, कडधान्य, जमेल ते असू द्या. आणि पणजीचा विषय निघाला तर ती अशक्तपणाने गेली असं सांगा. तिचं नाव जानकी होतं, तेही मुलांना सांगा.